गुडघ्यांवरची लाल पट्टी

आमच्या घरात शरीराच्या काही भागांना नावंच नव्हती. डोकं होतं, हात होते, पाठ होती, पोट होतं, आणि पोटाच्या खाली एकदम गुडघे. मधल्या मुलखाबद्दल कुणी बोलत नसे. तिथं गळू झालं तर "बसता येत नाही" एवढंच म्हणायचं, बाकीचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. माझं दुखणं निघालं ते नेमकं त्याच मुलखात.

तुळजापूरला आमचं माळवदाचं घर होतं. वर मातीचं सपाट छत, उन्हाळ्यात त्यावर शेवया-कुरडया वाळत घालायच्या. मी तेव्हा सतरा वर्षांची. एका दुपारी वावटळ उठली म्हणून कुरडयांचं धोतर गोळा करायला धावले, धोतर ओढत मागं मागं सरकत गेले आणि छत संपलं. खाली दगडी पायरी होती. डाव्या मांडीचं हाड मोडलं. सोलापूरच्या दवाखान्यात नेऊन प्लॅस्टर घातलं आणि अख्खा पावसाळा मी खाटेवर काढला. कुरडई मात्र एकही मोडली नाही, असं आई पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यात तिला माझं कौतुक करायचं असायचं का कुरडयांचं, ते मला आजही कळलेलं नाही.

प्लॅस्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण चाल बिघडली होती. डावा पाय टेकला की उजवी बाजू खाली बसायची आणि ती सावरायला सगळं अंग डावीकडं झुकायचं. पाऊल टाकलं की झोल, पाऊल टाकलं की झोल. मला ते चालताना कळत नसे, पण भिंतीवरच्या सावलीत दिसायचं. तेव्हापासून मी सावली पडेल अशा बाजूनं चालायचं सोडून दिलं.

आई मला शेजारच्या काकूंकडं काहीतरी निमित्त काढून पाठवायची. वाटीभर डाळ दे, हळद घेऊन ये. मी परत आले की काकू मागोमाग ओट्यावर यायच्या आणि आई हळू आवाजात विचारायची, "दिसतं का हो?"

काकू खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "दिसतं की," म्हणायच्या. "पण लांबून दिसतं. जवळून एवढं न्हाई."

आता मुलगी बघायला येणारे लांबून बघतात का जवळून, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर पुन्हा सोलापूरला गेलो. मी, आई आणि वडील. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना तहसील कचेरीत कारकून होते. निजामाच्या राजवटीत उर्दूची परीक्षा देऊन लागलेले. पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीचा कारभार मराठीत आला, तरी नानांच्या तोंडातली जुनी कचेरी काही गेली नाही. घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी ते "तक्रार" दाखल करायचे. स्वभावानं भिडस्त, पण वरून आलेला हुकूम म्हणजे हुकूम. तो बजावला नाही तर त्यांना जेवण जात नसे.

डॉक्टरांनी माझा पाय हलवून बघितला, कमरेच्या बाजूला बोटांनी दाबलं आणि नानांना विचारलं, "दुखतं का हिला?"

"न्हाई," नाना म्हणाले.

दुखत होतं. पण विचारलं नानांना होतं, उत्तर नानांनी दिलं होतं, आणि त्यांच्या वर मी बोलणं आमच्याकडं बसत नव्हतं. शिवाय दुखतं म्हटलं तर कुठं ते सांगावं लागलं असतं.

डॉक्टर म्हणाले, "हाडाचं काम झालंय. आता राहिला स्नायू. ढुंगणाच्या बाजूचा जो मोठा स्नायू असतो ना, तो झोपलाय. त्याला जागा केल्याशिवाय चाल सुधारणार नाही."

तो शब्द खोलीत पडला आणि आम्ही तिघंही तीन दिशांना बघायला लागलो. आईनं पदर ओढून घेतला. नानांनी टोपी काढून परत घातली. डॉक्टरांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी टेबलाच्या खणातून रबराची एक पट्टी काढली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गाठ मारून गोल केलेला. ही पट्टी दोन्ही पायांत घालून गुडघ्यांच्या वर चढवायची. मग कुशीवर झोपून, पाय मुडपून, वरचा गुडघा पट्टीविरुद्ध उघडायचा. उभं राहून खेकड्यासारखं आडवं चालायचं. अर्धं बसायचं, गुडघे बाहेर ढकलत राहायचं आणि उठायचं. पट्टी गुडघे आत ओढते आणि आपण बाहेर ढकलतो, त्या ओढाताणीत झोपलेला स्नायू जागा होतो.

"या, दाखवतो," म्हणून ते पट्टी घेऊन माझ्याकडं वळले, तशी आई मधे उभी राहिली. "मुलीला नको," एवढंच म्हणाली.

डॉक्टर वैतागले. दाखवायला नर्स त्या वेळी हाताशी नव्हती, आणि आई स्वतः करून बघायला तयार नव्हती. "मग ह्यांना दाखवतो. हे घरी शिकवतील," असं म्हणून त्यांनी पट्टी नानांच्या हातात दिली.

आणि माझ्या वडिलांनी, काळा कोट, टोपी आणि दुटांगी धोतर नेसलेल्या माझ्या वडिलांनी, भर दवाखान्यात ती पट्टी पायांतून वर चढवली आणि खेकड्यासारखं आडवं चालून दाखवलं. भिंतीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून भिंतीपर्यंत. डॉक्टर सांगत होते, "असं नाही. ढुंगण आवळून धरा. हां. आता पाऊल टाका." दारावरचा पडदा बाजूला करून बाहेरचे पेशंट बघत होते. एक म्हातारा खोकत खोकत हसला. नाना हसले नाहीत. ते कपाळाला आठ्या घालून, हुकूम नीट समजून घ्यायचा असला की घालायचे तशा, आडवे चालत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या मोटारीत मी त्यांच्या शेजारी बसले नाही, आईच्या पलीकडं खिडकीशी बसले.

घरी आल्यावर नानांनी आपल्या सायकलची जुनी लाल ट्यूब काढली, कात्रीनं कापली आणि गाठ मारली. गाठ मांडीला रुतायची म्हणून आईनं तिच्यावर चिंधी शिवून दिली. जागा ठरली कोठीची खोली. ज्वारीच्या कणग्यांच्या मधे सतरंजीपुरती जागा होती. मी परकर-पोलक्यावर आत, दार लोटलेलं, आणि दाराच्या बाहेर नाना दाराकडं पाठ करून पाटावर बसलेले. मला शिकवायचं तर होतं, पण माझ्याकडं बघायचं नव्हतं. कुशीवर झोपून गुडघे उघडणारी वयात आलेली मुलगी बापानं बघायची कशी? म्हणून ते भिंतीकडं तोंड करून मोजायचे. "एक. दोन. तीन. सावकाश. हिसका नको."

रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी हा कार्यक्रम चालायचा. अडचण एकच होती, त्या शब्दाची. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की तिथं आवळून धरलं नाही तर सगळा व्यायाम फुकट. आणि नानांच्या तोंडून तो शब्द निघणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "ते जरा... तिथलं... धरून ठेव." मी विचारलं, "काय धरून ठेवू?" मला चांगलं कळलं होतं. मुद्दामच विचारलं. मोटारीतला राग अजून गेला नव्हता. मग नानांना कचेरीतला शब्द सापडला.

"मागचा हिस्सा," ते म्हणाले. "मागचा हिस्सा कसून धर."

तेव्हापासून तेच नाव पडलं. जमिनीच्या वाटणीत असतो तसा मागचा हिस्सा. आई तर तेवढंही म्हणायची नाही. ती म्हणायची, "तिकडचं झालं का करून?"

ट्यूबला घामाचा वास यायला लागला की आई ती धुऊन दोरीवर वाळत घालायची. एकदा काकूंनी विचारलं, "सायकल पंक्चर झाली काय?" आई म्हणाली, "हो." मग दर चार-आठ दिवसांनी ट्यूब दोरीवर दिसायची आणि गल्लीत बोभाटा झाला की नानांची सायकल फार पंक्चर होते. एकदोघांनी नानांना नवी ट्यूब घ्यायचा सल्ला दिला. नाना मान डोलवून "घेतो, घेतो" म्हणायचे. मी उंबऱ्याच्या आत उभी राहून ऐकायचे आणि माझे कान गरम व्हायचे. माझ्या अंगाचं गुपित भर गल्लीत दोरीवर लोंबत होतं आणि सगळे त्याच्याबद्दल बोलत होते, फक्त कुणाला ते माहीत नव्हतं.

दुखायचं मात्र फार. व्यायाम करून दुपारी आडवं झालं की त्या बाजूला ठणका लागायचा, उशी चावून पडून राहायचे. पण दुखणं सांगायचं म्हणजे जागा सांगायला हवी. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घरात प्रश्न एकच होता. नाना कचेरीतून आले की आईला विचारायचे, आई काकूंना विचारायची, काकू आपल्या सुनेला विचारायच्या. "दिसतं का?"

आणि दिसायचं कमी झालं, हेही खरं. व्यायाम केल्या केल्या चाललं तर झोल जवळजवळ जायचा. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की चालायच्या आधी पट्टी घालून थोडं केलं की स्नायू जागा राहतो, मग तासाभरानं परत पेंगतो. त्या तासाभराच्या भरवशावर घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली.

आमच्याकडं मुलीला 'चालून दाखव' असं तोंडावर कुणी म्हणत नसे. ते असभ्य. मंडळी पाणी मागायची. मुलीनं पोहे आणून दिले, नमस्कार केला, बसली, की कुणीतरी म्हणायचं, "जरा पाणी आण बरं." ती आत जायची, बाहेर यायची, सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर. मग म्हणायचं, "भरतकाम करतेस म्हणे, आण बघू रुमाल." परत आत, परत बाहेर. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला राहायचा. तहान कुणालाच नसायची.

पहिली मंडळी बार्शीकडची आली. मी व्यायाम करून तयार होते, झोल पुष्कळ कमी होता. पण नाना समोर बसले होते. मी बाहेर आले आणि नानांचे डोळे माझ्या पायांवर गेले. त्यांचे ओठ हलायला लागले. एक. दोन. माझा डावा पाय टेकला की त्यांची हनुवटी किंचित वर व्हायची, जणू तेच मला उचलून धरत होते. पाहुण्यांनी आधी नानांकडं बघितलं, मग नाना बघत होते तिकडं बघितलं. एरवी कदाचित कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. पाणी दोनदा मागितलं, रुमाल मागितला, सुपारी मागितली. एक बाई म्हणाल्या, "पायाला काही झालं होतं का हिच्या?"

"हाड बराबर जुळलेलं आहे," नाना म्हणाले. हाडाचं नाव कुणी काढलंही नव्हतं.

आठवड्यानं मध्यस्थाकरवी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी आमच्याकडून नेलीच नव्हती. संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "अजून एकदा असं झालं की गावभर होईल. मग कोण येतंय?" ते खरंच होतं. पायात दोष आहे, एवढं वाक्य एकदा वाऱ्यावर सुटलं की त्याला धरून आणायला कुणी नसतं.

पुढची मंडळी तामलवाडीकडची. घरची शेती, मुलगा शाळेत मास्तर. त्याचे आईवडील देवीच्या दर्शनाला येणार होते, दर्शन करून दुपारी आमच्याकडं. आईनं आदल्या दिवशीच नानांना सांगून ठेवलं, "तुम्ही समोर बसू नका. तुम्ही बसलात की सगळे तिच्या पायांकडं बघतात. कचेरीच्या कामानं सोलापूरला गेलेत, असं मी सांगते. तुम्ही स्वयंपाकघरात थांबा."

नानांनी वाद घातला नाही. आयुष्यात कचेरीचा एक दिवस न बुडवलेला माणूस, आपल्याच घरात दाराआड लपून बसायला कबूल झाला. खाली मान घालून म्हणाले, "बराबर आहे. माझ्यामुळंच झालं."

त्या दिवशी देवळात गर्दी नव्हती. मंगळवार नाही, शुक्रवार नाही, दर्शन लवकर उरकलं आणि मंडळी तासभर आधीच दारात उभी. मी नुकतंच पातळ नेसून झाले होते. नाना कोठीच्या दाराबाहेरून म्हणाले होते, "थोडं तरी करून घे," म्हणून पातळ वर धरून मी पट्टी परकरावरून गुडघ्यांच्या वर चढवली होती आणि कणगीला धरून अर्धी बसले होते. एवढ्यात आई धावत आली. "आले, आले!" मी उठले, पातळ खाली सोडलं, तिनं माझ्या हातात पोह्यांचं ताट दिलं आणि पाठीला हात लावून बाहेर ढकललं. पट्टी तशीच.

दोन पावलं टाकल्यावर माझ्या ध्यानात आलं. मोठं पाऊल पडेचना. पट्टी गुडघे आत ओढत होती आणि मी तिच्याविरुद्ध लहान लहान पावलं टाकत होते, मागचा हिस्सा जिवाच्या आकांतानं आवळून. आणि पडल्यापासून पहिल्यांदा मी सरळ चालले. भिंतीवर माझी सावली होती, ती झुकली नाही. म्हातारे गृहस्थ बायकोला म्हणाले, "पोर कशी मवाळ चालती बग." आईच्या तोंडावर मी असा आनंद पूर्वी कधी बघितला नव्हता. तिला काय माहीत! मी घामानं निथळत होते.

नमस्कार करायला वाकले, उठले, सतरंजीवर बसले. बसताना पट्टी गुंडाळत गुडघ्यांच्या खाली आली. पोहे खाऊन झाले आणि म्हातारे म्हणाले, "पानी आन ग जरा."

मी उठले. पट्टी पोटऱ्यांवरून घसरली. स्वयंपाकघराचं दार चार पावलांवर होतं. पाय फरशीवरून न उचलता मी कशीबशी उंबऱ्यापर्यंत सरकले, उंबरा ओलांडला आणि पडद्याच्या आत गेले तोच पट्टी घोट्यांवर येऊन बसली. पाय बांधून घातलेल्या शेळीसारखी मी उभी राहिले.

दाराआड नाना होते. भरलेला तांब्या त्यांनी हातात तयारच धरला होता, मला वाकावं लागू नये म्हणून. वाकून उठताना झोल जास्त दिसतो, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. तांब्या माझ्या हातात दिला. मग ते खाली बसले, गुडघे टेकून, आणि माझा एक पाय हातानं उचलून त्यांनी पट्टीतून सोडवला, मग दुसरा. लहानपण सोडलं तर नानांचा हात माझ्या अंगाला लागलेला मला आठवत नाही. आणि आता ते माझ्या पायांशी वाकले होते, टोपी घसरलेली. लाजेनं माझा जीव गेला. त्यांची लाज का माझी, ते मला सांगता आलं नसतं.

"जा," ते कुजबुजले. "मागचा हिस्सा..."

माझे पाय हलेनात. पट्टी नव्हती. पट्टीशिवाय कसं चालायचं, तेच मला आठवेना.

"अगं जा ना. मागचा हिस्सा कसून..."

मी उभीच. बाहेर कुणीतरी खाकरलं. आणि नानांचा धीर सुटला. महिनोन्‌महिने जो शब्द त्यांच्या गळ्यात अडकला होता तो एकदम, कचेरीत पुकारा करावा तसा खणखणीत, बाहेर आला.

"अगं ढुंगण आवळ! ढुंगण आवळून चाल!"

बाहेर बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या चाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. आई कुठं बघत असेल, याचा विचारसुद्धा मला करवेना. नाना खाली बसलेलेच, तोंडावर हात ठेवून.

मग म्हातारे गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "सोलापूरचं काम आटपून आलं वाटतं वडील."

मी बाहेर गेले. दुसरं करणार काय? आवळायचं बिवळायचं काही राहिलं नव्हतं. मी माझ्या पायांनी, माझ्या झोलासकट चालले. डावा पाय टेकला की तांब्यातलं पाणी हिंदकळायचं. शहाबादी फरशीवर स्वयंपाकघरापासून सतरंजीपर्यंत पाण्याचे थेंब पडत गेले, प्रत्येक डाव्या पावलाला एक डाग. तांब्या खाली ठेवला आणि मी उभी राहिले. बसायलाही लाज वाटत होती.

नाना मागून बाहेर आले. टोपी सरळ केलेली, पण हातात लाल ट्यूब तशीच. ती हातात आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"ते काय हो हातात?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

नानांनी ट्यूबकडं बघितलं आणि सांगायला लागले. साहेबांसमोर मुआयन्याच्या, म्हणजे तपासणीच्या, वेळी सांगावं तसं सगळं क्रमवार. माळवद, कुरडया, सोलापूरचे डॉक्टर, झोपलेला स्नायू, त्याला जागा करण्याची तरकीब. "आता बरंचसं दिसत नाही," ते म्हणाले. "ताजा व्यायाम केला की बिलकुल दिसत नाही. तुम्ही स्वतः पाहिलंत. आज वेळ कमी पडला, नाही तर दिसलं नसतं." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. इतकं पडतं घेऊन बोलताना मी नानांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांना थांबवावं, कुणीतरी त्यांना थांबवावं, एवढंच मला वाटत होतं.

मुलाची आई आतापर्यंत बोलली नव्हती. जाडजूड बाई, उन्हानं रापलेली, देवळातून अनवाणी आलेली. ती फरशीवरच्या पाण्याच्या थेंबांकडं बघत होती. नानांचं बोलणं चालू असतानाच तिनं माझ्याकडं तोंड केलं.

"दुखतं का ग तुला?"

"न्हाई न्हाई," नाना म्हणाले, "हाड बराबर..."

"तुमाला न्हाय इचारलं," ती म्हणाली. रागानं नाही. "पोरीला इचारलं."

मी नानांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्या क्षणी त्यांना काय आठवलं ते मला दिसलं, कारण मलाही तेच आठवलं. दवाखाना, डॉक्टर, तोच प्रश्न, तेच उत्तर. आणि त्यानंतरच्या सगळ्या सकाळी, दाराच्या त्या बाजूला बसून मोजलेले सगळे आकडे.

"दुखतं," मी म्हणाले.

"कुठं?"

आईनं श्वास आत ओढलेला मी ऐकला. मला शब्द बोलता येणार नव्हता. मी उजव्या हातानं पदर सावरला, डावा हात मागं नेला आणि दुखत होतं तिथं, बरोबर तिथं, चार माणसांसमोर ठेवला.

"मग हुबी कशाला ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "बस की खाली. पाय लांब कर. पानी काय, आमचं आमी घिऊ."

मी बसले. पाय लांब केला. मग मला रडू आलं, आणि ते मला आवरलं नाही.

लग्न त्याच घरात झालं. ते पुढचं. लंगडी सून आणली म्हणून सासूला बोलणारे निघाले, आणि तिनंही चार वेळा मला कामावरून फटकारलं, म्हणजे ती काही देवी नव्हती. पण मला आठवते ती पाहुणे गेल्यानंतरची सकाळ. मी कोठीत गेले, सतरंजी अंथरली, पट्टी चढवली. नाना बाहेर पाटावर येऊन बसले. पाठ माझ्याकडं, तोंड भिंतीकडं, रोजच्यासारखं. मी गुडघा उघडला आणि वाट बघितली.

"एक," नाना म्हणाले. आणि थांबले. "दुखतंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"दोन." परत थांबले. आवाज अगदी बारीक झालेला. "आता?"

"नाही, नाना."

तीनच्या जागी आकडा आलाच नाही. दाराच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. मी गुडघा तसाच उघडा धरून ठेवला, ठणका मस्तकात जाईपर्यंत, आणि मग पुढचे आकडे मीच मोजले.